आधी धुणं, मग ड्रेसिंग

निवृत्त झाल्यावर आलेल्या पहिल्या हिवाळ्यात मी कोलकात्याला जाऊन मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत स्वयंसेवक म्हणून काम करून आले. कोरोनाच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून ओळखीतल्या बायका तेच तेच विचारतात. कोणाची ओळख लागते का? ख्रिस्ती असावं लागतं का? राहायचं कुठं? ओळख लागत नाही. धर्म कोणी विचारत नाही. राहण्या-जेवणाची सोय मात्र आपली आपण करायची, सिस्टर ती करत नाहीत. परदेशी मुलं-मुली सदर स्ट्रीटच्या स्वस्त लॉजमध्ये उतरतात. मी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरले. मराठी माणसाला कोलकात्यात तेच सोयीचं, शिवाय कालीघाट तिथून चालत जाण्याजोगं.

माझा डोळा कालीघाटवरच होता. निर्मल हृदय, मरणासन्न माणसांचं घर, तिथं आहे. कालीमातेच्या देवळाला लागून असलेली यात्रेकरूंची धर्मशाळा महापालिकेने मदरना दिली आणि 1952 च्या ऑगस्टमध्ये हे घर सुरू झालं. देवळाशेजारी ख्रिस्ती बाई आली म्हणून तेव्हा बराच गदारोळ झाला होता. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली, पुढची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात वॉर्डांत काढलेली. मरणाऱ्या माणसाचं शेवटचं बघणं हे माझं काम, असं डोक्यात घेऊनच मी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये बसले.

नोंदणी शिशु भवनात. आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर सिस्टरांचं मुख्य घर आहे, मदर हाउस, आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे शिशु भवन. मी गेले तेव्हा आठवड्यातून ठरावीक तीन दुपारी नावं घेत. बाकांवर भाषेप्रमाणे घोळके बसवलेले होते. स्पॅनिश इकडे, जपानी आणि कोरियन तिकडे, इंग्रजीवाले मध्ये. भारतीय अगदी थोडे. आमच्या घोळक्यात केरळची दोन पोरं आणि मी. एका जुन्या स्वयंसेविकेने नियम सांगितले. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत. कोणाला पैसे द्यायचे नाहीत. गुरुवारी काम नाही, कारण तो सिस्टरांचा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. मग एकेकाला सिस्टरांसमोर बसवलं. आधार कार्ड पाहिलं, किती दिवस आहात विचारलं, आधी काय करत होता विचारलं. मी नर्स म्हटल्यावर सिस्टर हसल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, प्रेमदान.

मी म्हटलं, ‘‘सिस्टर, मला कालीघाटला पाठवा, मी ड्रेसिंग करू शकते.’’

‘‘आधी प्रेमदान,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

सकाळचा क्रम असा. सहाला मदर हाउसमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना. ती सक्तीची नाही, पण सातला तिथंच चहा, पाव आणि केळं मिळतं आणि तिथूनच सगळे आपापल्या घरांकडे निघतात. हाजऱ्याहून त्या वेळी मेट्रो नसते, म्हणून टॅक्सी करावी लागे. मिस्सेला मी कुतूहलाने गेले आणि मग जात राहिले. प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर, खुर्च्या नाहीत, सगळ्या जमिनीवर. एका बाजूला निळ्या काठांच्या साड्या, दुसरीकडे बिनकाठाच्या पांढऱ्या, त्या नवशिक्या मुलींच्या, नोव्हिसांच्या. खिडक्या सताड उघड्या, खालून रहदारी आणि हॉर्न, आणि फादरांचा आवाज त्यात बुडून गेला तरी कोणी उठून खिडकी लावत नाही. क्रूसाशेजारी भिंतीवर इंग्रजीत दोन शब्द, ‘मला तहान लागली आहे’ अशा अर्थाचे. क्रूसावरचं येशूचं हे वाक्य या संस्थेच्या प्रत्येक घरात क्रूसाजवळ लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला मदर जिथं बसत तिथं त्यांचा बसलेला पुतळा आहे. पहिल्या दिवशी मी त्या पुतळ्याला कोणी म्हाताऱ्या सिस्टर समजून बाजूला सरकून वाट दिली.

प्रेमदान म्हणजे एका रासायनिक कंपनीने देऊन टाकलेली जागा, रेल्वेलाइनच्या जवळ. बसने पार्क सर्कसकडे जायचं आणि रुळांलगतच्या झोपडवस्तीतून चालत आत शिरायचं. बायकांचा विभाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. सियालदा, हावडा स्टेशनांवरून, फुटपाथवरून आणलेली माणसं. कोणी पोलिसांनी पोचवलेलं, कोणी रस्त्यावरच्या भल्या माणसाने. कोणाचा पाय कुजलेला, कोणाला क्षय, कोणाला स्वतःचं नाव आठवत नाही. उवांमुळे बऱ्याच जणींचे केस बारीक कापलेले, अंगात एकसारखे झगे.

आणि मला काम मिळालं धुण्याचं.

सिमेंटचे हौद ओळीने. पहिल्यात घाण कपडे जंतुनाशकाच्या पाण्यात, पुढच्यात साबण, त्यापुढे साधं पाणी, आणखी एक साधं पाणी. घोंगड्या पायांनी तुडवायच्या. मग दोघींनी दोन टोकं धरून उलट-सुलट पिळायचं आणि बादल्या उचलून गच्चीवर न्यायच्या. रात्रीत ओल्या झालेल्या सगळ्या चादरी रोज सकाळी हौदावर येतात. माझ्यासमोर स्पेनची एक शाळामास्तरीण आणि एक जपानी आजोबा. तिघांना येईल अशी एकही भाषा नव्हती, पण पिळ्याची दिशा चुकली की तिघंही ओरडायचो.

धुण्याचं यंत्र का नाही, हा प्रश्न तिथं जाणारा प्रत्येक जण विचारतो. मीही विचारला. गरिबांसाठी काम करायचं तर गरिबासारखं राहायचं, हे सिस्टरांचं व्रत आहे, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर गावठी आणि मला जास्त पटलं : आठवड्यासाठी आलेल्या, भाषा न येणाऱ्या, रुग्णाला हात लावायला बिचकणाऱ्या पंचवीस माणसांना सकाळी आठ वाजता दुसरं कोणतं काम देणार? हौदावर दोन तास घातले की बिचकणं जातं. अंग ओलं झालेलं असतं, घाणीचा वास नाकाने स्वीकारलेला असतो, आणि मग त्या माणसाला वॉर्डात पाठवलं तर तो उलट्या करत बाहेर येत नाही. आमच्याकडे शिकाऊ मुलींना पहिल्या महिन्यात बेडपॅन आणि खाटा पुसण्यावर ठेवायचे, त्यामागे हाच हिशेब होता.

धुणं आटोपलं की अंगाला तेल लावणं, नखं कापणं. साडेदहाच्या सुमाराला स्वयंसेवकांचा चहा-बिस्किट. मग जेवण वाढणं, भरवणं, ताटं घासणं. बाराच्या आसपास सकाळची पाळी संपते.

हे सगळं घर चालवतात त्या मासी, पगारी बायका, बहुतेक आसपासच्या वस्तीतल्याच. स्वयंसेवक येतात नि जातात. कोणती बाई उताणी झोपली की गुदमरते, कोणाला भात मऊ करून लागतो, कोण औषध जिभेखाली दडवून मागाहून थुंकते, हे मासींनाच ठाऊक. परदेशातून कोणी लिहिलं तर त्यात सिस्टर असतात, मरणारे असतात, लिहिणाऱ्याचे अश्रू असतात. मासी नसतात.

माझी सुटका हौदावरून झाली ती एका पायामुळे. नवी आणलेली बाई, घोट्याला जखम, जखमेत अळ्या. मासीने पातळ फडक्याने झाकलं होतं. मी सिस्टरांना म्हटलं, टर्पेंटाइन आहे का? होतं. बोळा भिजवून जखमेवर ठेवला, थोड्या वेळाने अळ्या वर यायला लागल्या, चिमट्याने एकेक काढल्या, सलाइनने धुतलं. बाई माझ्याकडे न पाहता मासीच्या पदराशी बोटांनी खेळत होती. सिस्टर पूर्ण वेळ शेजारी उभ्या. दुसऱ्या दिवसापासून नऊनंतर मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर. धुणं मात्र सुटलं नाही. नऊपर्यंत हौद, मग ट्रॉली.

वैद्यकीय बाजूबद्दल मला सगळे विचारतात, तेव्हा सरळ सांगते. ही घरं म्हणजे हॉस्पिटल नव्हेत. 1994 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स कालीघाटला जाऊन आले आणि त्यांनी लिहिलं की स्वच्छता, जखमांची काळजी आणि माया तिथं आहे, पण बरे होण्याजोगे आणि न होण्याजोगे रुग्ण वेगळे केले जात नाहीत, आणि दुखणं शमवायला तगडी औषधं नाहीत. कॅन्सरच्या वॉर्डात मॉर्फिनची वाट पाहणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा आक्षेप मला फार मोठा वाटतो. मदर स्वतः 1948 मध्ये लोरेटो मठ सोडल्यावर पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टरांकडे काही महिने प्राथमिक शुश्रूषा शिकल्या होत्या, नर्स नव्हत्या. गंमत म्हणजे माझ्या सिस्टरभगिनींसाठी भात आणि मीठ पुरे, असा त्यांचा तेव्हा विचार होता. पाटण्याच्या बायकांनी सुनावलं की असं खाल्लं तर त्या पोरी आजारी पडतील, मग गरिबांचं काम कोण करणार? मदरनी ते ऐकलं. प्रशिक्षित माणसाचं म्हणणं वेळेवर ऐकलं की किती फरक पडतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

प्रेमदानला एक सिस्टर श्रीरामपूरकडच्या निघाल्या. ‘‘ताई, तुम्ही मिरजेच्या का?’’ हे शब्द तिथं कानावर येताच मी पिळा सोडला आणि समोरच्या जपानी आजोबांच्या हातात सगळी चादर आली. हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला लहानपणी बैलगाडीतून जात, असं त्या सांगत. घरी जाणं आता दहा वर्षांतून एकदा. सिस्टर व्हायला किती वर्षं लागतात, हे मी त्यांच्याकडूनच समजून घेतलं. आधी घर पाहून-राहून ठरवण्याचा काळ, मग दोन वर्षं नोव्हिस, मग पहिली व्रतं. ती पाच-सहा वर्षं दरसाल नव्याने घ्यायची, म्हणजे निघून जायचं तर दार उघडं. शेवटची व्रतं त्यानंतर, एकूण आठ-नऊ वर्षांनी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं इतर संघांतही असतात. चौथं यांचं स्वतःचं, गरिबांतल्या गरिबांची मनापासून आणि फुकट सेवा.

‘‘यातलं अवघड कोणतं?’’ मी विचारलं.

‘‘आज्ञापालन,’’ त्या लगेच म्हणाल्या. ‘‘उद्या पत्र आलं की परवा दुसऱ्या देशात. इथल्या बायकांचा लळा लागलेला असतो, ताई.’’ सामान किती, विचारलं तर मोजून दाखवलं : साड्या, जपमाळ, चपला, पातळ गादी, बादली. त्या साड्या टिटागढच्या गांधीजी प्रेम निवासात कुष्ठरोगी माणसं मागांवर विणतात.

चौघी-पाचजणी वेगवेगळ्या राज्यांतल्या, एकमेकींची भाषा न येणाऱ्या, वयात तीस-तीस वर्षांचं अंतर, आणि घंटा वाजली की हातातलं काम टाकून प्रार्थनेला. मला आधी राग यायचा. ड्रेसिंग अर्धं असताना घंटा वाजली तर? श्रीरामपूरच्या सिस्टर म्हणाल्या, रुग्ण हातात असेल तर थांबतो की, पण नुसतं काम संपत नाही म्हणून थांबलो तर आम्ही कधीच जाणार नाही. माझ्या नोकरीत अशी घंटा नव्हती. होती ती डबल ड्युटी.

कालीघाटला अखेर जायला मिळालं, शेवटच्या आठवड्यात. ते इथं लिहीत नाही. तिथं मी फार काही केलं नाही, बाजूला बसले.

जाणार असाल तर भिजल्या तरी चालतील अशा रबरी चपला न्या, गुडघ्याच्या खाली येणारे जुने कपडे न्या, आणि मोडकं-तोडकं बंगाली शिका, ‘जल’ आणि ‘ब्यथा’ एवढं तरी. परिचारिका किंवा डॉक्टर असाल तर नोंदणीच्या कागदांची प्रत जवळ ठेवा. तारखा ठरवताना ख्रिसमसच्या सुमाराला जाऊ नका. तेव्हा आणि युरोपच्या जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत हौदाभोवती उभं राहायला जागा नसते. हात कमी पडतात ते उकाड्यात, एप्रिल-मेमध्ये, आणि चादरी तेव्हाही तेवढ्याच असतात. महाराष्ट्र निवासात मेमध्ये खोली सहज मिळते, मी फोन करून विचारलं आहे.