त्याच नावाच्या दुसऱ्या बाई

नावात एक अक्षर वाढवायचं, एवढीच तर गोष्ट. कार्यक्रमपत्रिकेत माझ्याच नावाच्या आणखी एक बाई आहेत, आडनावासकट तेच. लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून माझ्या नावात मधलं अक्षर घातलं तर चालेल का, असं अगदी गोड आवाजात विचारलं गेलं. अशा वेळी आपण काय म्हणतो? चालेल म्हणतो. पलीकडून "थँक्यू हं मॅडम" झालं, फोन ठेवला गेला, विषय संपला. आणि संध्याकाळपासून तो संपलेला विषय माझ्या डोक्यात फेऱ्या घालतोय.

राग आलाय का? नाही. म्हणजे आलाय, पण कुणावर ते ठरत नाहीये. त्या बाईंवर तर नाहीच. त्या मोठ्या डॉक्टर आहेत. त्यांच्याविषयी कुठे काही छापून आलं की मी वाचते, आणि दर वेळी चमत्कारिक वाटतं. माझं नाव, आणि पुढे "अवघड शस्त्रक्रिया यशस्वी केली", "केंद्र उभारलं", "तरुण डॉक्टरांना घडवलं". असली क्रियापदं या नावाला लागू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या वाट्याची म्हणजे "बघते", "पाठवते", "उद्या नक्की".

खुपतंय ते वेगळंच. फोन मलाच का आला? दोघींचं नाव एकच आहे तर घोटाळाही दोघींनी मिळूनच केलाय. त्यांना फोन गेला नसणार हे मी लिहून द्यायला तयार आहे. फोन करणाऱ्या त्या मुलीने वाईट हेतूने काहीच केलं नाही, तिला प्रश्नसुद्धा पडला नसेल, आणि नेमकं तेच टोचतंय. कुणी मुद्दाम खालच्या पायरीवर बसवलं तर निदान भांडता तरी येतं.

धाकटीला सांगितलं तर हसली. "अगं, तुला एक अक्षर जास्तच मिळतंय की." तिचं काय जातंय बोलायला. तिच्या नावाची दुसरी कुणी अजून सापडलेली नाही. आईने तिच्या वेळी कुठून शोधून काढलं कोण जाणे, माझ्या वेळी मात्र पहिलं सुचलं ते ठेवून मोकळी झाली. आणि मधलं अक्षर कुणाचं घालायचं, बाबांचं की यांचं, हेही मला विचारलं गेलं नाही. फॉर्मवर होतं ते उचललं असेल. जाऊ दे, तो विषय आज नको.

मग रात्री फोन हातात घेऊन एका नावाचे दोघे-दोघे शोधत बसले. आपल्यासारखं आणखी कुणाचं झालंय का हे बघायची माझी जुनी खोड.

विन्स्टन चर्चिलपाशी बराच वेळ थांबले. १८९९ साल. इंग्लंडातला पंचविशीही न गाठलेला, नुकतंच लष्कर सोडलेला एक अधिकारी, वर्तमानपत्रांना युद्धाची वार्तापत्रं पाठवणारा, नुकताच कादंबरी लिहून बसलेला. त्याला कळतं की अमेरिकेत आणखी एक विन्स्टन चर्चिल आहे, वयाने ३ वर्षांनी मोठा, कादंबरीकारच, आणि त्याच्या पुस्तकांवर लोक तुटून पडतायत. हा त्याला पत्र लिहितो. सगळं पत्र तृतीयपुरुषी: श्री. विन्स्टन चर्चिल यांचा श्री. विन्स्टन चर्चिल यांना नमस्कार, अशा थाटात. सारांश इतकाच की गोंधळ टाळण्यासाठी यापुढे मी माझ्या लिखाणावर मधलं "स्पेन्सर" लावत जाईन. अमेरिकन चर्चिलचं उत्तरही त्याच थाटात: आभारी आहे, माझ्याकडे आणखी एखादं नाव असतं तर मीच ते लावलं असतं.

म्हणजे जगात ज्याला विन्स्टन चर्चिल म्हणून ओळखतात त्या माणसाला एकदा कुणीतरी "दुसरे" होते, आणि बाजूला सरकायचं काम त्याने आपणहून केलं. पुढे स्पेन्सरचा नुसता एस उरला. तो एस त्याच्या पुस्तकांवर अजून आहे. तो पंतप्रधान झाला, युद्ध जिंकून झालं, साहित्याचं नोबेल मिळालं, तरी एस काही गेला नाही. आता तो कुणामुळे आला हे विचारायलाही कुणी उरलेलं नाही.

आणि तो अमेरिकन? नाव बिनअक्षराचं राखून बसलेला. त्यानेही राजकारण करून पाहिलं. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळात निवडून गेला, १९०६ मध्ये गव्हर्नरपदासाठी धडपडला, ते जमलं नाही. वारला १९४७ मध्ये. म्हणजे शेवटची काही वर्षं त्याने रोजच्या पेपरात आपलं नाव मथळ्यात वाचलं असणार, आणि त्या नावाशी त्याचा काडीचाही संबंध उरला नव्हता. मी तासभर याच माणसाचा विचार करत होते. वाचनालयात गेला असेल, आपलं नाव सांगितलं असेल, समोरचा हसला असेल. हे माझं कल्पनेतलं आहे, पण झालं नसेल असं वाटत नाही.

त्याच्यापेक्षा एलिझाबेथ टेलरची गंमत जास्त. नटी नव्हे, कादंबरीकार. हिची पहिली कादंबरी आली १९४५ मध्ये. त्याच सुमारास तेरा वर्षांची एक मुलगी पडद्यावर घोड्यावर बसून जगप्रसिद्ध होत होती. बिचारीला हे नाव जन्माचंही नव्हतं, लग्नात मिळालेलं, माहेरची ती कोल्स. म्हणजे नवऱ्याचं आडनाव घेतलं आणि आयुष्यभराची ही सोबत गळ्यात पडली. तिला त्या दुसरीच्या चाहत्यांची पत्रं यायची, फोटो पाठवा म्हणून. ती आपली घर सांभाळून शांतपणे लिहीत राहिली, १९७१ मध्ये बुकरच्या अंतिम यादीपर्यंत पोचली. अजूनही तिच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण पहिल्याच वाक्यात "ती नटी नव्हे" असं सांगतो. मीही वर तेच केलं की.

लग्नाचं निघालं म्हणून आठवलं. झाशीची राणी माहेरची मनकर्णिका, हे सगळ्यांना माहीत असतं. लक्ष्मीबाई टिळकसुद्धा माहेरच्या मनकर्णिकाच, गोखल्यांच्या. एक १८५८ मध्ये रणांगणावर गेली, दुसरी १८६८ मध्ये जन्मली. दोघींचं आधीचं नाव तेच आणि सासरचंही तेच. एकीने तलवार धरली, दुसरीने मोडकंतोडकं शिकून लेखणी, आणि ती अशी धरली की तिचं आत्मचरित्र अजून शिळं होत नाही. दोघींत घोटाळा मात्र कुणी म्हणजे कुणी करत नाही. कुणी त्यांना अक्षर मागितलं नाही. नावाला स्वतःचं वजन आलं की अक्षर लागत नाही, असं म्हणायचं का? तसं असेल तर माझा प्रश्न सुटला, पण उत्तर फारच वाईट निघालं.

इथे थोडा वेळ खरंच रडू आल्यासारखं झालं. पाणी प्यायले.

मग दिलीपकुमार. यूसुफ खानला बॉम्बे टॉकीजमध्ये हे नाव मिळालं तेव्हा दिलीपकुमार रॉय नावाचे गायक चांगले नावारूपाला आलेले होते. बंगाली, श्रीअरविंदांचे शिष्य, नंतर पुण्यात स्थायिक झालेले. त्यांना कुणी विचारलं होतं का, साहेब चालेल ना म्हणून? पुढे १९६७ मध्ये मद्रासमध्ये आणखी एक दिलीपकुमार जन्मला. त्याला ते नाव कधी आवडलंच नाही. नटाचा अनादर नाही, पण मी मनात स्वतःला जसा पाहत होतो त्याला ते शोभत नव्हतं, अशा अर्थाचं त्याने सांगून ठेवलंय. तो झाला ए. आर. रहमान. एका यूसुफने दिलीप घेतलं, एका दिलीपने रहमान घेतलं, आणि दोघांनीही आपापलं काम असं केलं की आता मूळ नावं सांगितली तर ती खोटी वाटतात.

बॉम्बे टॉकीजवाले नावं वाटण्यात उदार होते. कुमुदलाल गांगुलींचे अशोककुमार झाले तेही तिथेच. आणि ध्यानचंदांच्या मुलाचं नावही अशोककुमार. १९७५ च्या हॉकी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल त्यानेच मारला, क्वालालंपूरला, २-१. या अशोककुमारच्या डोक्यावर तर दोन सावल्या. एक नावाच्या मालकाची आणि एक घरातली. मला वाटतं, त्यांना नटाचं ओझं वाटलंच नसेल. घरातलंच पुरेसं होतं.

धाकटी बरीच मोठी होईपर्यंत समजत होती की शरद जोशी एकच. दिवसा कांद्याला भाव मागत रस्ता अडवायचे आणि रात्री घरी जाऊन हिंदीत व्यंग लिहायचे. उज्जैनचे शरद जोशी निराळे, शेतकरी संघटनेचे निराळे, हे तिला समजावलं तर तिचा हिरमोड झाला होता. तिला तो एकच माणूस जास्त आवडला असता. मलाही. त्यातून आमचे शेतकऱ्यांचे शरद जोशी आधी भारतीय टपाल सेवेत, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जगभरच्या टपालाचा कारभार बघणाऱ्या संस्थेत. एका नावाच्या दोन माणसांची पत्रं एकाच घरी जाण्याची काळजी ज्यांनी करायची, त्या खात्यातलाच माणूस.

आता मात्र हसू यायला लागलं होतं. फिलाडेल्फियाचा पक्षितज्ज्ञ जेम्स बाँड वाचून तर मोठ्याने हसले. याने १९३६ मध्ये वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवर पुस्तक काढलं. ते जमैकात राहणाऱ्या इयान फ्लेमिंगच्या हाताशी असायचं. त्याला हेराला अगदी सपक, मिळमिळीत नाव हवं होतं, त्याने मुखपृष्ठावरचं उचललं. पुढे बाँडसाहेबांच्या पत्नीने पत्र लिहिलं तेव्हा फ्लेमिंगने भरपाई देऊ केली ती अशी की, तुमच्या यजमानांना एखादा अगदी भयंकर पक्षी सापडला तर त्याला त्यांनी खुशाल माझं नाव द्यावं. भांडायची ही रीत मला आवडली. इथे मात्र आधीचा माणूस खरा आणि नंतरचा बनावट, तरी बाजूला सरकावं लागलं खऱ्यालाच.

नटांच्या संघटनेत तर हा नियमच. नाव आधी कुणी नोंदवलं असेल तर तुम्ही दुसरं शोधा. मायकेल कीटन जन्माने मायकेल डग्लस, पण ते नाव गेलेलं होतं. संशोधकांनी नावांचा नादच सोडलाय. २०१२ पासून त्यांना ऑर्किड म्हणून १६ अंकी क्रमांक मिळतो. मला ते पटलं. १६ आकडे दिले असते तर मी हूं की चूं केलं नसतं, कारण डॉक्टरबाईंनाही १६ च मिळाले असते.

सगळ्यात न्यायाचं काम भाभांच्यात झालंय. अणुशास्त्रज्ञ होमी जे. भाभा आणि साहित्याचे सिद्धान्त मांडणारे, हार्वर्डचे होमी के. भाभा. एकाला जे, दुसऱ्याला के. रांगेतली लागोपाठची अक्षरं, नंबर लावून वाटल्यासारखी. शास्त्रज्ञ १९६६ मध्ये विमान अपघातात गेले तेव्हा दुसरे १६-१७ वर्षांचे मुंबईतले मुलगे. कितीही मोठे झाले तरी जे सुटला नाही आणि के सुटला नाही. मायकेल आय. जॉर्डन, तो यंत्रांना शिकवण्याच्या शास्त्रातला बडा प्राध्यापक, बास्केटबॉलवाल्यापेक्षा ७ वर्षांनी मोठा असून आय वागवतो आणि त्याचं काही अडत नाही.

तर असं. मला अक्षराचं वावडं नाही हे आता लक्षात येतंय. एकटीलाच मिळालं याचं आहे. दोघींना एकेक द्या, मी लगेच गप्प बसते. पण हे त्या मुलीला कसं सांगायचं? "डॉक्टरबाईंनाही एक अक्षर लावा" असं म्हणणारी बाई म्हणून मी तिथे कायमची ओळखली जाईन, आणि मग मला अक्षराची गरजच उरणार नाही.

हे लिहिता लिहिता मेल उघडून बसले होते, तर पुन्हा तेच गृहस्थ. त्या बाईंचे पेशंट अधूनमधून माझ्याकडे येऊन धडकतात. (माझी पत्रं त्यांच्याकडे जात असतील का? गेली तर त्यात "मजकूर कधी देताय" यापलीकडे काही नसणार.) या गृहस्थांचा डावा गुडघा. जिना उतरताना कळ येते, चढताना नाही, रात्री कुशीवर झालं की जास्त. एक्स-रेचा फोटोही जोडलेला, जरा तिरका, काचेवरचं नळीच्या दिव्याचं प्रतिबिंब गुडघ्याच्या वाटीवर पडलेलं. मी नेहमीप्रमाणे कळवलं की मी त्या नव्हे, त्यांचा पत्ता हा, तिकडे पाठवा. लगेच उत्तर. "तिकडे पाठवलं मॅडम, तिथे कुणी उत्तर देत नाही. तुम्ही देता. तुम्हीच काहीतरी सांगा."

काय सांगणार? लिहिलं की दाखवून घ्या, अंगावर काढू नका. आणि माझाही डावाच दुखतो.