शेकर बंद पडला तेव्हा

सोमवारी लॅबचं दार उघडलं आणि शेकरची, म्हणजे फ्लास्क सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्राची, घरघर ऐकू आली नाही. पोटात गोळाच आला. सुट्टीत वीज गेलेली, जनरेटरने दगा दिलेला, आणि आमच्या बीवाय-टूच्या पेशी फ्लास्कच्या तळाशी गपगार बसलेल्या.

'ब्राइट यलो-२' या तंबाखूच्या वाणापासून जपानमध्ये तयार झालेली ही बीवाय-टू सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशी. अंधारात, २६-२७ अंशांवर, शेकरवर फिरत राहिली तर आठवड्यात ८० ते १०० पट वाढते. म्हणूनच दर आठवड्याला सबकल्चर करायचं, म्हणजे थोड्या पेशी ताज्या पोषक माध्यमात न्यायच्या. लग्न असो की गणपती, सुटका नाही. निरोगी कल्चर पातळ पिठल्यासारखं, फिकट पिवळं दिसतं. हे तपकिरी पडलेलं होतं, फॉइल काढताच आंबूस वास आला. फिरणं थांबलं की पेशी खाली बसतात आणि तळापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. इव्हान्स ब्लू घालून पाहिलं. हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो. स्लाइडभर निळंच निळं.

उरला होता तो द्रव नायट्रोजनमधला, उणे १९६ अंशांवरचा साठा. कुणी सीनिअरने गोठवून ठेवलेला. तो जिवंत आहे का, हे कधी कुणी तपासलंच नव्हतं. सगळ्याच लॅबमध्ये हे असंच चालतं म्हणा.

तोंडावर शील्ड चढवलं, कारण आत नायट्रोजन शिरला असेल तर वायल, म्हणजे साठ्याची छोटी कुपी, गरम होताच फुटते. ४० अंशांच्या पाण्यात वायल हलवत राहिले. वितळण्यात रेंगाळलं तर बारीक बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाटतात. शेवटचा खडा विरघळायच्या आत बाहेर काढली, पेशी न धुता घट्ट माध्यमावरच्या फिल्टर पेपरवर ओतल्या. थेंबभर मात्र पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या एफडीए या द्रव्यासाठी ठेवला. हे द्रव्य स्वतः चमकत नाही; जिवंत पेशीतली एन्झाइमं ते तोडतात, तेव्हा पेशी हिरवी उजळते. बहुतेक पेशी काळ्याच होत्या. मग एका कोपऱ्यात चार-पाच जणींची साखळी हिरवीगार दिसली. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या लॅबमधली मंडळी धावत आली.

पुढे प्लेटवर पिवळसर ठिपके उठले, ते द्रव माध्यमात नेले. मी लगेच प्रयोगाची यादी काढली, तर सर म्हणाले, "आधी गोठवायला घे. आणि तीन-चार दिवसांचंच कल्चर घे हं, म्हाताऱ्या पेशींत नुसतं पाणी असतं."