वकील बँकेचा, बिल आपलं

कर्ज थकलं की वकील नेमते बँक आणि फी पडते कर्जदाराच्या खात्यावर. मी सहकारी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालो, तरी लोक अजून हेच विचारायला येतात.

परवा पुतण्या फ्लॅटच्या कर्जाचा खातेउतारा घेऊन आला. थकबाकी २२ लाखांची. साठ दिवसांत पैसे भरा अशी नोटीस होऊन गेलेली, ताबा नोटीस दारावर चिकटवलेली. उताऱ्यात व्याजाच्या मधेमधे 'पेपर नोटीस', 'व्हॅल्युएशन', 'लीगल चार्जेस'. एका तारखेला नुसतंच 'लीगल', १५,००० रुपये. आणि ही तारीख पहिल्या नोटिशीच्याही आधीची!

"काका, मला घराबाहेर काढायला ह्यांनी वकील लावला, त्याची फी पण मीच द्यायची?"

द्यायची. सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा २००२ चा कायदा. त्याचं कलम १३(७) तसंच सांगतं. वसुलीसाठी योग्य रीतीने झालेला खर्च कर्जदाराकडून घेता येतो. योग्य कोणाच्या मते? तर बँकेच्याच! लिलावाच्या पैशातून आधी हा खर्च वळता होतो, मग कर्ज, उरलंसुरलं मालकाला. लिलावाची जाहिरात निघण्याआधी घर सोडवायचं म्हटलं तरी थकबाकीसोबत हा खर्च मोजावाच लागतो.

दिवाणी कोर्टात गहाणाचा दावा असला की चित्र थोडं वेगळं. तिथेही खर्च गहाणाच्या रकमेत धरतात, पण कर्ज देणाऱ्याची वागणूकच वाईट असेल तर दाव्याचा खर्च नाकारायची मुभा कोर्टाला आहे. म्हणजे तिसरं कोणीतरी तराजू धरतं. सरफेसीत बँक स्वतःच मोजते, स्वतःच नावे टाकते. हे मला नोकरीत असतानाही खटकायचं. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, हा वादही मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मिटवला. लागू होतो.

डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, जाता येतं, ४५ दिवसांच्या आत. पण तिथे आधी आपला खिसा. पहिल्या दहा लाखांची फी ५,००० आणि पुढच्या प्रत्येक लाखाला २५०, म्हणजे २२ लाखांवर ८,००० रुपये. शिवाय आपला वकील, पुण्याच्या खेपा. बरं, मूळ कायद्यात तर दाद मागायलाच ७५ टक्के रक्कम भरा अशी अट होती. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात ती गेली. ताबा बेकायदा ठरला तर कलम १९ प्रमाणे भरपाई आणि खर्च मिळू शकतो. मी पाहिलेल्या बहुतेक हुकमांच्या शेवटी मात्र 'खर्चाबाबत आदेश नाही' एवढंच असायचं. जिंकलात तरी वकिलाचे पैसे गेलेच.

म्हणून पुतण्याला म्हटलं, पंधरा हजारांसाठी डीआरटी नको. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र दे, प्रत्येक ओळीचं बिल आणि व्हाउचर माग, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको. जाहिरातीवर वाद घालू नको. ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एकात स्थानिक भाषेत, छापावीच लागते. विक्रीआधी मूल्यांकनही लागतं. त्या 'लीगल'च्या ओळीवर बोट ठेव. (१ ऑक्टोबर २०२४ पासूनचं नवं कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्ज देताना बँक देते तो आकारांचा तक्ता, तोही काढून बघावा. त्यात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पुतण्याचं कर्ज जुनं, त्याला ह्याचा उपयोग नव्हता.)

बँकेने आधी टोलवाटोलवी केली, दुसऱ्या पत्रानंतर झेरॉक्स दिली. वकिलाच्या सर्च रिपोर्टचं, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासल्याचं बिल. वर तीन कर्जदारांची नावं, खाली एकच बेरीज, आणि ती अख्खी पुतण्याच्या नावे टाकलेली. त्यातले १०,००० परत जमा झाले. बाकीच्या ओळी रीतसर आहेत, त्या त्याला भराव्या लागतील.