काहीच बदलायचं नाही आणि तरी पळवायची: स्पेक मियाटाचं इंजिन बांधलं तेव्हा

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम ओहायो. इथे हौशी लोकांच्या कार रेसिंगमध्ये स्पेक मियाटा म्हणून एक क्लास आहे, एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ही १९४४ सालची संस्था चालवते. सगळ्यांकडे माझदाची तीच दोन सीटची मियाटा, त्यामुळे एकाच कॉर्नरला सात-आठ गाड्या दाराला दार लावून घुसतात. माझी १९९२ ची, १.६ लिटरची, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७८ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर ८३.६. गेल्या सीझनला ऑइल प्यायला लागली, सरळ रस्त्यावर सगळे पुढे निघून जायला लागले, तेव्हा म्हटलं आता इंजिन उतरवायचंच. नावाजलेल्या बिल्डरकडून तयार इंजिन मिळतं, पण किंमत ऐकून घाम फुटला. म्हणून गॅरेजमध्येच मांडामांड केली.

आधी रूलबुक वाचलं, आणि खरं सांगतो, तिथेच निम्मं काम आहे. या रूलबुकचा स्वभाव असा की 'करता येईल' असं लिहिलेलं नसेल तर करता येत नाही, विषय संपला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम कंपनीचाच, व्हॉल्व्ह कंपनीच्याच मापाचे, पोर्ट म्हणजे हवा जायच्या वाटा घासायच्या नाहीत, रेसिंगचे खास पिस्टन टाकायचे नाहीत. २०१४ ला कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर नॅशनल फायनल झाली, तिला इथे रनऑफ्स म्हणतात, त्यात पुढे आलेल्या गाड्यांची हेडं, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्हवाला भाग, उघडली तर व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या खाली, कंपनीचा कटर जिथे संपतो आणि ओतीव पोर्ट चालू होतो तिथली कड गुळगुळीत केलेली निघाली. एवढ्याशा कडेवरून लोक बाद झाले, आणि नंतर त्या जागेचे नियम नव्याने लिहावे लागले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काकाचं क्रँक ग्राइंडिंगचं शॉप आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर हेड दाखवलं. "पोर्टला हात का लावला नाहीस लेका? दोन तासाचं काम हाय." म्हटलं काका, बाद करतील. "मग ह्यात तू करणार काय?"

तर करायचं काय, मोजायचं. कंपनी मॅन्युअलमध्ये प्रत्येक मापाला खालची आणि वरची हद्द देते, आपलं सगळं मैदान त्या दोन आकड्यांच्या मधे. उदाहरणार्थ ब्लॉक. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडं होतं, म्हणजे मोकळ्या ब्लॉकला होनिंग (दगडाने आतून बारीक घासणं) करून गोल केलेलं बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून मगच होनिंग करायचं. शॉपवाला म्हणाला प्लेट लावून जास्त पैसे पडतील, म्हटलं घे. नंतर बोअर गेजने वर, मधे, खाली, आडवं-उभं मोजलं, आणि पिस्टनची रिंग बोअरला नीट सील झाली की जी पावर खाली क्रँककेसमध्ये वाया जात होती ती परत मिळते, ह्यात नियम कुठेच मोडत नाही.

दुसरं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते ते; जास्त दाब म्हणजे जास्त पावर. हे मोजायचं काम मला सगळ्यात आवडलं. हेड उलटं ठेवायचं, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवायचे, चेंबरवर (प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या खळग्यावर) ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची प्लेट चिकटवायची आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडायचं, शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा लिहायचा. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम, म्हणजे पिस्टन खालून वर जाताना व्यापतो ती जागा, साधारण ३९९.५ सीसी. कंपनीचं ९.४ कॉम्प्रेशन धरलं तर पिस्टन वर असताना साधारण ४७.६ सीसी जागा उरते. त्यातली १ सीसी कमी झाली की रेशो ९.६ च्या आसपास जातो! माझी चारही चेंबर सारखी नव्हती, ओतकामात तेवढा फरक येतोच. मग कुठला व्हॉल्व्ह कुठे बसवला तर कोण किती खाली बसतो हे अदलाबदल करून बघत बसलो, बायको म्हणाली हे केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल कधी संपणार. हेडचा खालचा पृष्ठभाग किती घासून प्लेन करायचा हे पण यावरूनच ठरवायचं, कारण हेडच्या कमीत कमी जाडीला हद्द आहे आणि एकदा उतरवलेलं अल्युमिनियम परत चढत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. १९९०-९१ च्या सुरुवातीच्या इंजिनात क्रँकचं पुढचं टोक आखूड असायचं, पुलीचा बोल्ट सैल झाला की कीवे (पुली अडकवायची खाच) खातो, घेताना तेवढं बघून घ्या. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, कॅम अँगल सेन्सर फिरवून पुढे घेता येतं, कंपनीचं १० डिग्री, मी डायनोवर (पावर मोजायच्या यंत्रावर) १४ पर्यंत नेलं, त्यापुढे फक्त नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकायची, भीती वाढत होती.

डायनोवर टॉपचा आकडा बघून मी हुरळलो नाही, थोडाच वाढला, पण वरच्या आरपीएमला आधी जो ग्राफ खाली कोसळायचा तो आता टिकून राहिला, आणि या क्लासमध्ये तुम्ही रेसभर वरच्याच आरपीएमला असता.

मग मिड-ओहायो ट्रॅकवरच्या रेसला चौथा आलो. रेसनंतर चेकिंगला गाडी बाजूला घेतली, तिथे व्हिसलर नावाचं यंत्र असतं, प्लगच्या भोकात बसवतात, आतल्या हवेच्या शिट्टीच्या सुरावरून व्हॉल्यूम मोजतं, हेड उघडायची गरज नाही. चारही सिलिंडर हद्दीच्या आत, आणि एकमेकांच्या अगदी जवळ. तपासणाऱ्या माणसाने कागदावर टिक केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. हेड खरंच उघडायला लावायचं तर दुसऱ्या ड्रायव्हरला प्रोटेस्ट (लेखी तक्रार) करावा लागतो, खोलायच्या खर्चाचे पैसे आधी जमा करून, आणि इंजिन नियमात बसणारं निघालं तर ते पैसे त्याचे गेले. चौथ्या नंबरवाल्यावर एवढे पैसे कोण लावणार म्हणा.