सायलेन्सरची टोपी झाली, एनआरव्हीची किल्ली बाकी

मंडळी, पावसाळ्यापासून रखडलेलं काम एकदाचं मार्गी लागलं. बिनआवाजाच्या, म्हणजे सायलेन्सर बर्नरच्या प्रायमसची (पंप मारून पेटवायच्या रॉकेलच्या स्टोव्हची) बाहेरची टोपी घरी करून बसवली आणि आच सगळीकडून निळी येतेय. पंपाचे चामडी वायसरही आता घरचेच वापरतोय. एनआरव्ही (पंपाच्या तळाची, रॉकेल उलटं येऊ न देणारी झडप) काढायची किल्ली मात्र अजून अर्धवट आहे.

पिना, निपल, शिशाचे वायसर जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की एखाद्या धुळकट डब्यातून अजूनही निघतात. आवाजाचा बर्नर असेल तर फारसं अडत नाही, त्याच्यावर जाड पत्र्याची एक चकती असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. घोळ आहे तो सायलेन्सरचा. त्याला दोन टोप्या, आतली लहान आणि बाहेरची मोठी, दोन्ही पातळ पत्र्याच्या, भोकंच भोकं पाडलेल्या. स्टोव्ह पेटला की त्या लालबुंद होतात, खपल्या धरतात आणि शेवटी गळून जातात. शिवाय नुसत्या वर ठेवलेल्या असतात, त्यामुळे भंगारात जाताना सगळ्यांत आधी त्याच हरवतात. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी टाक्या दिसतात, टोपीसकट स्टोव्ह क्वचितच. स्वीडनच्या लिंडक्विस्टने 1892 मध्ये स्टॉकहोमला हा स्टोव्ह काढला. 1911 पासून प्रायमसवर वर्षाचं अक्षर ठोकलेलं असतं, त्यावरून टाकीचं वय कळतं. टोपीचं वय काढायला टोपी तर हवी!

हल्ली नव्या टोप्या विकायला असतात, मीही एक आणली होती. दिसायला झकास. पेटवली की थोड्या वेळात ज्वाळा भोकांतून आत शिरते, टोपीच्या पोटात भुरभुरत जळते आणि वर पिवळी काजळी येते. कारण उघड आहे: भोकं मोठी. भोक बारीक असलं की ज्वाळेची उष्णता कडेच्या धातूत जिरते आणि ती मागे सरकू शकत नाही. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने 1815 मध्ये खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर. आपल्या टोपीत तर पत्रा आधीच तापलेला असतो, म्हणजे भोक आणखी बारीक हवं. पण नुसतं बारीक करून भागत नाही. व्यास निम्मा केला की भोकाचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येतं, म्हणून भोकांची संख्या चौपट करावी लागते. नाहीतर रॉकेलची वाफ तुंबते, हवा कमी ओढली जाते आणि पुन्हा पिवळी आच. इतकी भोकं हाताने ड्रिल करणं हा वेडेपणा आहे. फेरिक क्लोराइडने पत्रा खाऊन भोकं पाडता येतात, पण त्या घाणीत हात घालायची माझी तयारी नव्हती.

उत्तर मिळालं मिरची कांडपाच्या गिरणीत. पल्वरायझरमध्ये जी स्टेनलेसची जाळी बसवतात ती गिरणीच्या सुट्या भागांच्या दुकानात भोकाच्या मापाने मिळते, अर्ध्या मिलिमीटरपासून पुढे. भोकं एकसारखी, दाट, आणि पत्रा 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा असेल तर त्यात 18 टक्के क्रोमियम असल्याने लाल तापूनही लवकर खपल्या धरत नाही. घेताना चुंबक लावून बघा. जाळी सरळ ओढली गेली तर ती या कामाची नाही. पट्टी कापून लोखंडी पाइपावर गुंडाळली, जोड स्पॉट वेल्डिंगवाल्याकडून मारून घेतला, वर बिनभोकाची चकती. गोलाईत जोडाच्या रेषेवर भोकं बुजतात आणि तिथे ज्वाळेत एक बारीक फट दिसते. मला ती चालते. हुबेहूब दिसण्यापेक्षा नीट जळणं महत्त्वाचं, असं माझं मत. प्रदर्शनात मांडणाऱ्यांचं वेगळं असेल.

वायसरचं थोडक्यात सांगतो. दुकानातलं क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं वाटीसारखा आकार धरत नाही, वाळलं की परत सपाट होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं असतं, ते ओलं करून दाबलं की वाळल्यावर तसंच राहतं. चपला करणाऱ्यांकडे कातरण मिळते. पातळ बाजूचा तुकडा कोमट पाण्यात भिजवायचा, बोल्टने कड्यात दाबायचा, सावलीत वाळू द्यायचा, मग कडा कापून एरंडेलात मुरत ठेवायचा. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पंप अडकतो. एरंडेल रॉकेलमध्ये सहज विरघळतही नाही.

आता एनआरव्ही. पंपाच्या नळीच्या तळाशी बसलेली ही झडप गळली की रॉकेल उलटं पंपात येतं आणि दांड्याजवळून बाहेर झिरपतं, तेही पेटत्या बर्नरच्या जवळ. आतली बुचाची गोळी बदलून नायट्राइल रबराची घालायची, साधं रबर रॉकेलमध्ये फुगतं. पण झडप काढायला लांब, टोकाला खाच असलेली किल्ली लागते आणि ती कुठे मिळत नाही. लोखंडी नळीला कानशीने खाच पाडलीय, ती जोर लावला की उमलते. पुढचा प्रयत्न भरीव सळईवर, लेथवर.

घरी स्टोव्ह बाहेर काढला की कोणीतरी म्हणतंच, ‘भडकेल हो, नको ते.’ त्यांचं चुकत नाही. एके काळी ‘स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू’ ही पेपरातली नित्याची बातमी होती, आणि त्यातले कित्येक भडके स्टोव्हने केलेले नव्हते हेही लोकांना ठाऊक होतं. त्या बोलण्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. मी एवढंच करतो की नवा भाग बसवला की आधी रिकाम्या टाकीत हवा भरून ती बादलीत बुडवतो, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. एकही बुडबुडा आला तर रॉकेल भरत नाही. पेटवणं अंगणात, हवा सोडायची चावी हाताशी, आणि पेट्रोल कधीच नाही.

ज्यांच्याकडे मूळ किल्ली असेल त्यांनी तिच्या खाचेची रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजून कळवावी. काकडा धरायचा मूळ चिमटा कोणाकडे असेल तर त्याचाही फोटो हवाय, शेजारी पट्टी ठेवून काढलेला.