साखरवालं इंजेक्शन

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी फ्रिजचा मधला कप्पा वहिनीचा. तिथे कोथिंबीर नाही, कालची आमटी नाही, फक्त इंजेक्शनचे डबे. दारातही ठेवायचे नाहीत, उघडझाप झाली की तिथलं तापमान हलतं. वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उठते, आणि ही गोष्ट ती इंटरफेरॉन बीटा घ्यायची तेव्हाची.

दिवसाआड रात्री साडेनऊला हा कार्यक्रम. आधी पॅरासिटामॉल. मग कुपीतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी सोडायचं. कुपी हलवायची नाही, नुसती हळूच फिरवायची, नाहीतर फेस होतो. मग पोटाच्या कातडीखाली सुई. मध्यरात्री हुडहुडी, ताप, अंग मोडून येणं, अगदी फ्लू झाल्यासारखं. खऱ्या फ्लूमध्येही ताप-अंगदुखीचा बराचसा वाटा विषाणूचा नसतोच. विषाणू शिरला की आपल्याच पेशी इंटरफेरॉन नावाची जी प्रथिनं सोडतात त्यांचा असतो. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांना इंटरफेरॉन सापडलं ते कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर फ्लूचा निकामी केलेला विषाणू सोडताना. विषाणूला अडवणारं म्हणून त्याला हे नाव. वहिनीच्या आजारात विषाणू मारायचा नव्हता, बिथरलेली प्रतिकारशक्ती जरा शांत करायची होती, पण औषध तेच.

एका शनिवारी नेहमीच्या दुकानात माल नव्हता म्हणून दादा दवा बाजारात गेला. दुसऱ्या एका दुकानदाराने डबा काढून दिला. "बीटा ही है भैया, कंपनी अलग है बस." दादा डबा बर्फाच्या पिशवीत घालून घरी. वहिनीने उघडला आणि मला हाक मारली, "वन्सं, जरा या इकडे."

पावडर नव्हती. भरलेलीच सिरिंज होती आणि सुई चांगली लांब, मांडीच्या स्नायूत घालायची. आधीच्या डब्यावर २५० मायक्रोग्रॅम, दिवसाआड. या डब्यावर ३० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा. एकावर बीटा-१बी, दुसऱ्यावर बीटा-१ए.

मी देवी अहिल्या विद्यापीठातून बायोकेमिस्ट्री केलेली, आता घरी बारावीच्या शिकवण्या घेते. पोरांना "प्रथिनांना साखरेच्या शाखा जोडल्या जातात" हे वाक्य किती वेळा लिहून दिलं असेल. इंटरफेरॉनही प्रथिनच, आणि १ए ला ती साखर असते, १बी ला नसते. त्या वाक्याची किंमत अशी डब्यावर छापलेली मी पहिल्यांदाच बघत होते. पंधरवड्याला एकाचे १७५० मायक्रोग्रॅम, दुसऱ्याचे ६०.

आई दिवाणावरून ऐकत होती. तिला मधुमेह. "औषधालाही साखर चिकटते? म्हणजे माझ्या त्या तीन महिन्यांच्या रिपोर्टसारखी?" नाही. आईच्या एचबीए१सीमधली साखर आगंतुक. रक्तात ग्लुकोज जास्त झालं की ते हिमोग्लोबिनला आपणहून चिकटतं, कोणी बोलावलेलं नसतं. इंटरफेरॉनवरची साखर निमंत्रित. प्रथिन तयार होत असतानाच पेशीतली एन्झाइमं चौदा साखरांची तयार फांदी उचलून ठरलेल्या जागी बसवतात आणि मग तिची काटछाट करतात. जागा म्हणजे अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल, आणि त्याच्या पुढे एक घर सोडून सेरिन किंवा थ्रिओनिन हवं. माणसाच्या इंटरफेरॉन बीटात १६६ अमिनो आम्लं असतात आणि ही फांदी ८०व्या जागी लागते. एकच.

बीटा-१बी बनतं ई. कोलाय या जिवाणूत. जिवाणू भराभर वाढतो, खर्च कमी, पण ही फांदी लावायची यंत्रणा त्याच्याकडे नाही. शिवाय त्यात पहिलं अमिनो आम्ल गळलेलं, आणि १७व्या जागचं सिस्टीन बदलून सेरिन घातलेलं, कारण ते मोकळं सिस्टीन भलत्याच जोड्या जमवतं. बीटा-१ए बनतं चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींमध्ये. त्यांना साखर लावता येते.

एका फांदीने एवढा फरक का? वहिनीला मी साबुदाण्याचं उदाहरण दिलं. खिचडीला दाण्याचं कूट कमी पडलं की साबुदाणा एकमेकांना धरतो, कढईत गोळा होतो. कूट नीट लागलं की दाणा दाणा मोकळा. इंटरफेरॉन बीटाच्या अंगावरही असा एक चिकट, पाण्याला नको असलेला भाग आहे आणि साखरेची फांदी त्यावर पसरून बसते. प्रयोगशाळेत एन्झाइमने ती फांदी काढून टाकली, तर प्रथिनाचे रेणू एकमेकांना धरून साका होऊन तळाशी बसले आणि ताकद घसरली. गोळा झालेल्या रेणूंकडे प्रतिकारशक्तीचंही लक्ष जातं. बीटा-१बी घेणाऱ्यांच्या रक्तात औषधालाच निकामी करणारी प्रतिद्रव्यं जास्त वेळा सापडतात.

डब्यांवरच्या आकड्यांवरून मी हिशेब मांडला. युनिट म्हणजे औषधाच्या ताकदीचं माप. ३० मायक्रोग्रॅमला ६० लाख युनिट, २५० ला ८० लाख. मिलिग्रॅममागे एकाचे २० कोटी, दुसऱ्याचे ३.२ कोटी. मोजायच्या पद्धती सारख्या नसतात, तेव्हा हा हिशेब ढोबळच. आणि मात्रेतला सगळाच फरक साखरेच्या खात्यावर टाकता येत नाही, कुठल्या मात्रेवर चाचण्या झाल्या हेही त्यात येतं.

साखरेशिवाय चालतच नाही असंही नाही. कावीळ-सीसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं इंटरफेरॉन अल्फा-२, बीटाचं भावंड, शरीरात १०६व्या जागी एक छोटी साखर मिरवतं. जिवाणूतून काढलेलं त्याशिवायही छान काम करायचं. त्याची अडचण वेगळी, ते शरीरातून लवकर निघून जायचं. मग त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या लांबलचक रेणूची शेपटी जोडली आणि आठवड्याला एक इंजेक्शन पुरू लागलं. इंटरफेरॉन गॅमा या तिसऱ्या प्रकाराला २५ आणि ९७ अशा दोन जागी फांद्या. तिथे त्या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांपासून त्याला वाचवतात. पेशीवरच्या कुलपाशी, म्हणजे रिसेप्टरशी, गाठ पडते ती प्रथिनाचीच. साखर त्याला तिथपर्यंत धड पोचवते.

त्या रात्री आम्ही काही टोचलं नाही. सोमवारी डॉक्टरांनी डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं थांबलात. दिवसाआड हे घेतलं असतं तर तापाने हैराण झाल्या असत्या." दुकानदाराने डबा परत घ्यायला नकार दिला, फ्रिजचं औषध एकदा बाहेर गेलं की नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, पण "कंपनी अलग है बस" हे ऐकवायला मी स्वतः दवा बाजारात गेले आणि ऐकवून आले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनीच वहिनीला आठवड्याच्या इंजेक्शनवर आणलं. तो डबा मुदतीत होता, वापरला गेला. त्यावर मी मार्करने लिहून ठेवलं होतं, "साखरवालं, फक्त रविवारी". दुसऱ्या दिवशी पाहते तर खाली आईच्या अक्षरात, "मला चालत नाही."