कपाशीच्या बाजूची भेग

जानेवारीचा तिसरा रविवार, रात्र

सकाळी साडेसहाला सायकल ओट्यावरून खाली घेतली तेव्हा हँडल हाताला इतके गार लागले की परत घरात जाऊन हातमोजे आणावे लागले. पुढच्या चाकात हवा भरली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि मनाशी ठरवले की आज तापीवरच्या विदगावच्या पुलापर्यंत जायचेच. महिन्याभरापूर्वी याच रस्त्यावर मी पडलो होतो. उजवे मनगट आता दुखत नाही. तरी गेल्या चारही रविवारी मी सायकल डोंगराकडेच वळवत होतो आणि त्याचे कारण मला नीट ठाऊक होते.

जळगाव जिल्ह्यात किनगावच्या परिसरातल्या आमच्या गावाला उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी आहे, आणि या दोहोंच्या मधून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्यामुळे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्याला खरी निवड डोंगर की नदी एवढीच असते. मोठ्या रस्त्यावर मी दोन-तीन किलोमीटरपेक्षा अधिक राहत नाही, कारण केळीने भरलेले ट्रक आणि मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या यांच्यामध्ये सायकलला जागाच उरत नाही.

डोंगराकडचा रस्ता आडगाववरून मनुदेवीला जातो. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा एक लांबलचक पट्टा पायथ्याशी आहे, ज्याला भूगर्भशास्त्राचे अभ्यासक बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी या पट्ट्यात झपाट्याने मुरते, जमीन फुगत नाही आणि आक्रसतही नाही, त्यामुळे वर टाकलेले डांबर वर्षानुवर्षे जसेच्या तसे बसून राहते. चढ मात्र आहे. जाताना दम लागतो आणि येताना पायडल न मारता सायकल पळते, म्हणून नव्याने सायकल चालवू लागलेल्या आमच्या शाळेतल्या मुलांना मी आधी याच रस्त्याने नेतो.

नदीकडचा रस्ता डांभुर्णीवरून विदगावला उतरतो. उतार डोळ्यांना जाणवत नाही, पण येताना पोटऱ्यांना जाणवतो. या बाजूची जमीन काळी, भारी, कापसाला आणि केळीला मानवणारी आहे. मला विचाराल तर आमच्या भागातला सर्वांत सुंदर रस्ता हाच. आज सकाळी दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांवर धुके उतरले होते, निळ्या पिशव्या चढवलेले घड त्यातून अर्धवट दिसत होते, आणि ठिबकच्या नळ्यांजवळच्या ओल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. बागेच्या कडेने जाताना हवा एकदम गार होते. बाग संपून उघडे शेत आले की तीच हवा कोरडी होते. मोटारसायकलवरून या रस्त्याने मी पंधरा वर्षे गेलो, पण हा फरक मला सायकलवर बसल्यावरच कळला.

डांभुर्णीच्या अलीकडे एका बांधावर म्हातारे काका शेकोटीजवळ बसले होते. त्यांनी हाक मारली, "इतक्या सकायी कुठी निंघाले सर? पुन्हा पडसान!" पडल्याची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. मी थांबून हात शेकले, आणि मग त्यांना घेऊनच, जिथे पडलो होतो ती जागा पाहायला गेलो.

भेग तिथेच होती. रस्त्याच्या कडेपासून हात-दीड हात आत, रस्त्याला अगदी समांतर, साधारण चाळीस पावले लांब. माझे करंगळीचे बोट तिच्यात दुसऱ्या पेरापर्यंत गेले. माझ्या सायकलचा टायर २८ मिलिमीटर रुंदीचा आहे; आडवी भेग असती तर तो वरून उडून गेला असता, पण लांबीच्या भेगेत चाक एकदा उतरले की हँडल वळतच नाही आणि सायकल जागच्या जागी आडवी होते. बैलगाडीचे चाक चाकोरीत पडले की गाडीवान ते बाहेर काढण्याच्या फंदात पडत नाही, चाकोरीनेच गाडी पुढे नेतो. मला त्या दिवशी एवढे सुचले नाही. मी हँडल वळवले आणि पडलो.

काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि नंतर वाळता वाळता आक्रसते. डांबराखालची मधली माती झाकलेली असल्यामुळे तिच्यातली ओल बराच काळ टिकते, कडेची माती मात्र उघडी असल्याने लवकर वाळते. म्हणजे एकाच रस्त्याचा मधला भाग स्थिर राहतो, कडा खाली आणि बाहेर ओढली जाते, आणि दोहोंच्या मध्ये रस्ता लांबीने फाटतो. हे मी वाचले होते, पण आज जे पाहिले ते वाचनात आले नव्हते. त्या ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला केळी आहे आणि दुसऱ्या बाजूला कोरडवाहू कपाशी. केळीच्या बाजूला बारा महिने पाणी चालू असल्यामुळे माती भिजलेली राहते आणि त्या कडेला एकही मोठी भेग नाही. कपाशीच्या बाजूला मात्र भेगच भेग. पुढे पुलापर्यंत मी हेच पाहत गेलो, आणि जिथे दोन्हीकडे केळी होती तिथे रस्ता बहुतेक ठिकाणी धड होता, जिथे एका बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या तिथे त्याच बाजूने तो उकललेला होता. मी अभियंता नाही, आणि एका सकाळच्या पाहणीवरून नियम सांगण्याचा मला अधिकार नाही. पण कोणत्या बाजूने सायकल चालवायची हे आता मला शेताकडे पाहून ठरवता येईल.

या रस्त्याचे काम दोन पावसाळ्यांपूर्वीच झाले आहे. काम होत असताना मी रोज येथून जात होतो. खाली मुरमाचा थर पुरेसा पडला नाही, कडेला पाणी वाहून जाण्यासाठी चारी खोदली गेली नाही, आणि भेगा पडल्यावर वरून डांबर ओतून खडी पसरली गेली, जी आता सुटून कडेला जमली आहे. काळ्या जमिनीवर रस्ता टिकवण्याचे उपाय जुने आणि माहीत असलेले आहेत: मातीत चुना मिसळणे, मुरूम घालून दाबणे, बाजूच्या पट्ट्या पक्क्या करणे आणि पाणी काढून देणे. ते केले गेले नाहीत याचा मला राग आहे. याच रस्त्याने मुली सायकलवर शाळेत येतात, आणि मागून वाहन आले की त्यांना याच कडेला, याच भेगांवर उतरावे लागते.

वडिलांना मात्र डांबराची भेग कधी भेटली नाही. त्यांच्या काळी हा रस्ता गाडवाटेचा होता आणि त्यांच्याकडे बावीस इंची जड सायकल होती. पावसाळ्यात काळा चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये असा गच्च बसत असे की चाक फिरायचे थांबे. मग ते तुरीची काडी घेऊन तो कोरून काढत, दहा पावले पुढे जात, पुन्हा थांबत, आणि शेवटी सायकल खांद्यावर टाकून शेतावर पोचत. लहानपणी त्यांच्या बरोबर जाताना काडी माझ्या हातात असायची. माती तीच आहे. तेव्हा ती चाकाला चिकटून अडवत होती, आता खालून रस्ता फाडून अडवते.

विदगावच्या पुलावर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मुलताईहून निघून सुरतेकडे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी खाली संथ होती, आणि धुके पाण्यावरून अजून उठले नव्हते. अर्धा तास कठड्याशी उभा राहिलो. आल्याचे समाधान होते, आणि महिनाभर हा रस्ता टाळल्याची हुरहूरही होती.

परतीचा चढ, वर सातपुड्याकडून येणारा वारा तोंडावर. वेग कमी असल्यामुळे प्रत्येक भेग नीट पाहता आली. घरी आल्यावर वहीत नऊ जागा लिहून ठेवल्या आहेत, प्रत्येकीजवळचे झाड, विहीर किंवा मोरी आणि कोणत्या बाजूला कोणते पीक आहे, हेही. उद्या शाळेत मुलींच्या सायकली जिथे लावतात त्या भिंतीवर हा नकाशा खडूने काढणार आहे. पुढच्या रविवारी पुन्हा याच रस्त्याने जायचे आहे, या वेळी मोजपट्टी घेऊन, कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जाईपर्यंत या भेगा किती रुंदावतात हे मला दर महिन्याला लिहून ठेवायचे आहे.